आयटीची नोकरी, सायकल, तारे आणि कॅमेरा: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात राहून सॉफ्टवेअरचं काम करणारे, किंवा पुण्या-मुंबईची नोकरी लॅपटॉपसकट इथे घेऊन आलेले बरेच जण भेटले की हेच प्रश्न विचारतात. मी पर्वरीत राहतो, काम दिवसभर स्क्रीनसमोरचं आहे, आणि हे तिन्ही छंद मला जिवापाड प्रिय आहेत. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

नोकरी सांभाळून सायकल, आकाशदर्शन आणि फोटोग्राफी हे तिन्ही खरंच जमतं का?

जमतं, पण तिन्ही एकाच आठवड्यात नाही. जुलैत तारे बघायचा आणि एप्रिलच्या दुपारी सायकल मारायचा हट्ट धरला की कुठलीच गोष्ट धड होत नाही, आणि मग दोष नोकरीला जातो. गोव्यात ऋतू इतके ठसठशीत आहेत की कोणत्या महिन्यात काय करायचं ते हवाच सांगते. आपण फक्त त्याप्रमाणे सुट्ट्या, ऑन-कॉलच्या पाळ्या (कधीही फोन आला तरी कामाला बसायचं ते आठवडे) आणि शनिवार-रविवार लावून घ्यायचे. दिवसाचे तास मोजत बसण्यापेक्षा वर्ष मांडून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग वर्षाची मांडणी कशी करायची?

ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, धूळ बसलेली असते आणि रात्री धुतल्यासारख्या स्वच्छ मिळतात. संध्याकाळी काळोख पडल्यावर नैर्ऋत्येला आकाशगंगेचा गाभा मावळतीकडे झुकलेला असतो. पुढच्या मोसमापर्यंत संध्याकाळच्या आकाशातलं ते त्याचं शेवटचं दर्शन.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सायकलचा खरा मोसम. सकाळी गारवा असतो, घाम कमी येतो. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. त्या दिवसाची रजा मी वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवतो. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव जगभर गाजतो, पण आपल्याकडे तेव्हा ढग उघडत नाहीत, तेव्हा त्यासाठी रजा वाया घालवू नका.

मार्च ते मे उकाड्याचे. सायकल पहाटेच, आणि ऊन चढायच्या आत घरी. पण आकाशगंगेसाठी याच्यासारखे महिने नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये रात्री नऊ-दहाच्या सुमाराला दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू (सदर्न क्रॉस हा तारकासमूह) उभा राहतो, डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. आपण साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहोत, त्यामुळे पुण्यापेक्षा तो तीन अंश वर दिसतो. क्षितिजाजवळच्या दमट हवेत तीन अंश म्हणजे पुष्कळ झाले.

जून ते सप्टेंबर तारे विसरायचे. मोठे रिलीज, राहिलेले कोर्स आणि जास्तीचे ऑन-कॉल आठवडे मी याच काळात मागून घेतो, म्हणजे हिवाळ्यात कुणाकडे तरी अदलाबदलीचं उधार असतं. कॅमेरा मात्र या दिवसांत सगळ्यात जास्त चालतो. जांभ्या दगडाच्या सड्यांवर ऑगस्ट-सप्टेंबरात इवल्या फुलांचे गालिचे पसरतात, त्यांत सीतेची आसवं असतात, आणि रात्री अंगणाच्या कडेला बेडूक निघतात. मॅक्रो लेन्सला याहून जास्त काय हवं?

माझी अमेरिकन शिफ्ट आहे. माझ्यासाठी काही आशा आहे का?

आहे, आणि ताऱ्यांच्या बाबतीत तर दिवसपाळीवाल्यांपेक्षा तुमची बाजू भक्कम आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी घड्याळ समजून घ्या. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला असते, हिवाळ्यात साडेसातला. कॅलिफोर्नियाची नऊची मीटिंग उन्हाळ्यात रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला. म्हणजे सायकलचा मोसम सुरू होतो नेमका तेव्हाच तुमची झोप तासभर पुढे ढकलली जाते. इथे पहाटेच्या राईडचा हट्ट सोडा आणि संध्याकाळ धरा. नोव्हेंबरच्या अखेरीला पणजीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. न्यूयॉर्कवाल्यांशी काम असेल तर साडेसातच्या मीटिंगआधी साडेचार ते सहा सायकल किंवा कॅमेरा, मग अंघोळ, चहा आणि लॅपटॉप, असं बसतं. उन्हाळ्यात मीटिंग साडेसहाला येते आणि सूर्यास्त पावणेसातच्याही पुढे जातो, तेव्हा संध्याकाळ गेली असं समजा.

आता चंद्र. अमावास्या शोधत बसण्याची सगळ्यांना सवय असते, पण शिफ्टवाल्याला ती गरज कमीच. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहा. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. तुमचं काम रात्री दीड वाजता संपत असेल तर अमावास्येपासून शुद्ध नवमी-दशमीपर्यंतच्या सगळ्या पहाटा तुम्हाला काळ्याभोर मिळतात. दिवसा नोकरी करणाऱ्याचं उलट: वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, म्हणून वद्य पंचमी-षष्ठीपासून अमावास्येपुढच्या तीजेपर्यंत त्याची संध्याकाळ अंधारी. एकाच टीममधले दोघे जण महिन्याचे वेगवेगळे पंधरवडे वापरू शकतात. ऑन-कॉल वाटून घेताना हे फार उपयोगी पडतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला पहाटे चारनंतर आग्नेयेला वृश्चिकाच्या शेपटीपाशी आकाशगंगा चांगली वर आलेली असते आणि साडेपाचपर्यंत खरा काळोख टिकतो. दिवसपाळीवाल्याला त्यासाठी गजर लावून उठावं लागतं. तुम्ही जागेच असता.

रात्री दोनला काम संपवून सकाळी सहाला सायकल काढली तर?

नको. तीन-चार तासांच्या झोपेवर सायकल चालवणं आणि दारू पिऊन गाडी चालवणं यांत मी फार फरक करत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर सकाळी ट्रक आणि बस सुसाट असतात. झोप पूर्ण करा, राईड संध्याकाळी करा किंवा शनिवारी करा.

सकाळी कामाआधी दीड-दोन तास मिळतात. कुठे जावं?

दिवाडी बेटावर. दुसरा विचारच करू नका.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडायची. पायी माणसाला आणि सायकलीला तिकीट पडत नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडे. बेटावर दोन्ही बाजूंना खाजन शेती (खाडीलगत बांध घालून केलेली), मधून सरळ रस्ता, वाहनं जवळजवळ नाहीत. भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीपाशी थांबलात तर बगळे आणि खंड्या अगदी जवळून मिळतात. पुढे पिएदाद गावात टेकडीवर चर्च आहे. चढ छोटा असला तरी छातीचा भाता चांगला हलवतो, आणि वरून मांडवीचं पात्र दिसतं.

वेळ थोडा जास्त असेल तर बेट ओलांडून नार्व्याची फेरी घ्या. पलीकडे सप्तकोटेश्वराचं देऊळ. कदंबांचं हे दैवत मुळात दिवाडीवरच होतं. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे त्याची स्थापना झाली आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तिथून डिचोलीच्या बाजूने परत येता येतं, पण तो बेत सुट्टीच्या दिवसाचा.

दिवाडीवर सकाळी तुम्हाला पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, भेटेल. मागच्या कॅरिअरवर भलीमोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक, हँडलला रबरी भोंगा. चढावरही तो सीटवरून उठत नाही. लय न मोडता, पायाखाली एकच वेग ठेवून जातो. मी त्याच्यामागून बराच वेळ सायकल चालवली आहे आणि चढ कसा चढावा हे तिथेच पाहून शिकलो. त्याच्याकडून गरम पोई (गोव्याचा पाव) घ्या, सुटे पैसे जवळ असू द्या, आणि फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. तो कामावर आहे.

जवळचे आणखी पर्याय: पणजी ते रायबंदर हा खाडीकाठचा जुना बांध. पोर्तुगीजांनी तो १६३० च्या दशकात बांधला, आणि सूर्योदयाला तो अतिशय देखणा असतो. वाहनांच्या गर्दीमुळे मात्र सकाळी आठनंतर टाळा. पाखरांसाठी हिवाळ्यात करमळीचं तळं. दक्षिणेत राहत असाल तर कुडचड्याजवळचं नंदा तळं. २०२२ मध्ये ते गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं.

ऑफिसलाच सायकलने गेलं तर?

अंतर दहा-बारा किलोमीटरच्या आत असेल तर उत्तम. पर्वरीहून पणजीला येताना लक्षात ठेवा की अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे. जुन्या पुलावरून या किंवा बेतीला उतरून फेरीने पलीकडे जा. मला फेरीच आवडते. वेर्ण्याला जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं: चढ आणि अवजड वाहनं. तिथे आठवड्यातून एखाद्या दिवसाचा आग्रह पुरे. ऑफिसात अंघोळीची सोय आहे का, हे मात्र पहिल्या दिवशीच विचारून घ्या. गोव्याच्या दमट हवेत त्यावरच सगळं ठरतं.

बीआरएम किंवा ट्रायथलॉनची तयारी नोकरीसोबत होते का?

बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. २०० किलोमीटरची बीआरएम साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. तिच्यासाठी आठवड्यात दोन छोट्या राईड आणि शनिवारी एक लांब राईड, एवढं तीन-चार महिने सातत्याने झालं तर पुरतं. आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन गोव्यात २०१९ पासून होते. त्यात ९० किलोमीटर सायकल असली तरी आधी समुद्रात पोहणं आणि नंतर अर्धमॅरेथॉन आहे, त्यामुळे त्या वर्षी दुर्बीण आणि कॅमेरा माळ्यावर जातील हे मान्य करून नाव द्या. घाट चढायची हौस असेल तर चोर्ला घाट. अनमोड घाटात ट्रक फार.

गोव्यात खरा अंधार कुठे मिळतो?

कळंगुट-बागाच्या पट्ट्यात तर नाहीच. पूर्वेला सरका. सत्तरीत सुर्ला, सांग्यात नेत्रावळी, काणकोणात खोतीगावच्या बाजूची गावं: सह्याद्रीच्या जवळ गेलात की पश्चिमेचा किनारी उजेड मागे राहतो. पण अभयारण्यांत सूर्यास्तानंतर शिरता येत नाही, ते नियमाविरुद्धही आहे आणि धोक्याचंही. गावात एखाद्या घरगुती मुक्कामाची खोली घ्या आणि अंगणातून किंवा कापणी झालेल्या शेतातून आकाश बघा. घरमालकाला सांगितलं तर बाहेरचा दिवा तो आनंदाने घालवतो, वर चहाही मिळतो. पायात बूट हवेत, बॅटरीवर लाल कागद लावा, आणि साप निघतात हे विसरू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८.

दक्षिण क्षितिज उघडं हवं असेल, त्रिशंकूसाठी किंवा नरतुरंग तारकासमूहातल्या ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छासाठी, तर काणकोणचे किनारे बरे. मात्र आगोंद, गालजीबाग, आणि उत्तरेत मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या काळात किनाऱ्यावर पांढरी बॅटरी, फ्लॅश, शेकोटी काहीही नको. उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे धावतात. याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही, कितीही चांगला फोटो मिळणार असला तरी.

एकटं जायचं नसेल तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही गोव्याची जुनी हौशी खगोल संस्था आहे. पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरून तिने वर्षानुवर्षं लोकांना शनीची कडी दाखवली. अनुभवी माणसांसोबत पाहिलेली एक रात्र महिनाभराच्या वाचनाच्या तोडीची असते.

ऑन-कॉल असताना नेत्रावळीला गेलं तर चालेल?

नाही. रेंज जाते. त्या आठवड्यात गच्चीवरून चंद्र आणि ग्रह बघा. त्यांना अंधार लागत नाही.

पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

टेलिस्कोप घेऊच नका, निदान पहिलं वर्ष. १०×५० ची द्विनेत्री घ्या. तिच्यात कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, कर्केतला पुष्याचा गुच्छ हे सगळं येतं, आणि दिवसा तीच पाखरांना चालते. सायकलच्या बॅगेत बसते, हा थकलेल्या नोकरदारासाठी सगळ्यात मोठा गुण. जड टेलिस्कोप खाली उतरवायचा, लावायचा, थंड होऊ द्यायचा, परत चढवायचा, एवढी ताकद शुक्रवारी रात्री उरत नाही. वर्षभरानंतरही ओढ टिकली तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप).

आकाशगंगेचा फोटो साध्या कॅमेऱ्याने निघतो का?

निघतो. ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, लेन्सचं तोंड जितकं उघडेल तितकं उघडं, आयएसओ ३२०० पासून सुरुवात. किती सेकंद? ५०० ला फोकल लेंग्थने भागा: २० मिलिमीटरला २५ सेकंद. सेन्सर छोटा, म्हणजे १.५ क्रॉपचा असेल तर आधी फोकल लेंग्थला दीडने गुणा. १८ मिलिमीटरला साधारण १८ सेकंद येतात. याहून जास्त ठेवलं की तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. फोकस ऑटोवर ठेवू नका. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून हाताने लावा आणि मग रिंगला हात लावू नका. एप्रिलमध्ये गाभा साधारण रात्री साडेअकराला उगवतो, मेच्या मध्यावर साडेनऊच्या आसपास, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची स्टँडअप मीटिंग असेल तर मेची वाट पाहा.

गोव्यातली खरी अडचण दवाची. मध्यरात्रीनंतर लेन्सच्या काचेवर बारीक धुकं धरतं आणि नंतरचे सगळे फोटो मऊ येतात. दर थोड्या वेळाने काच तपासा. छोटा पंखा किंवा लेन्सभोवती गुंडाळायचा हीटर बरोबर असेल तर काम सोपं होतं.

पावसाळ्यात आणि खाऱ्या वाऱ्यात सामान कसं टिकवायचं?

लेन्सला बुरशी धरते. उजेडासमोर धरून पाहिलं तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात, कडेकडून मध्याकडे येणारे. एकदा कोटिंगमध्ये शिरली की साफ करूनही डाग राहतो. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर गरम करून परत वापरता येतं. कापडी कॅमेरा बॅगेत सामान कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट. ती बॅगच ओल धरून ठेवते. आणि वापरत राहा: उजेड-हवा लागलेली लेन्स टिकते.

सायकलीचं शत्रुत्व मिठाशी. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, चेनला तेल द्या. पावसाळ्यात ओल्या हवामानाचं घट्ट ल्यूब, दोन्ही मडगार्ड, आणि ब्रेक पॅडवर नजर. लाल चिखलात ते भराभर झिजतात. शेवाळलेल्या गावरस्त्यांवर वळणावर ब्रेक मारू नका, वळणाआधी मारा. रात्री रस्त्यात गुरं बसलेली असतात, तेव्हा पुढचा दिवा फक्त दिसण्यापुरता नको, बघण्यापुरता हवा.

घरचे नाराज होतात. काय करावं?

नाराजी रास्त असते. पाच दिवस कंपनीचे आणि दोन दिवस सायकलचे असतील तर घराच्या वाट्याला काय आलं? आमच्याकडे एक नियम आहे: महिन्यातली एक अंधारी रात्र आणि एक लांब राईड माझी, बाकी सुट्ट्यांचं सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मुलांना सोबत न्यायचं तर आकाशदर्शन सगळ्यात सोपं. कालपुरुषाचा पट्टा दाखवला की व्याध ती आपणहून शोधतात.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मात्र काहीही आखू नका. गोव्यात चवथ म्हणजे गावी जायचं, संपलं. कॅमेरा न्या आणि माटोळी टिपा: गणपतीच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीत लटकलेली रानफळं, सुपारीचे घोस, तोरिंगं. प्रत्येक घरची माटोळी वेगळी, आणि कुठलं फळ कुठल्या डोंगरावरून आणलं हे आजोबांना विचारलंत तर अख्खी दुपार त्यात जाते. फ्लॅश न वापरता खिडकीच्या उजेडात काढा.

मॅनेजरला छंदाबद्दल सांगावं का?

सांगावं, आणि तारखांसह सांगावं. "मला वैयक्तिक वेळ हवा" या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. "१३ डिसेंबरची रात्र आणि १४ ची सकाळ मी नसेन, बदल्यात गणपतीनंतरचा ऑन-कॉल आठवडा माझा" यावर लगेच होकार मिळतो. रोज पहाटेच्या राईडसाठी परवानगी मागायची नसते. फक्त त्या वेळेत कॅलेंडर अडवून ठेवा.

फोटो विकले किंवा लग्नाची कामं घेतली तर?

आधी नोकरीचा करार काढून वाचा. बाहेरच्या कमाईवर बऱ्याच कंपन्यांत बंदी असते किंवा लेखी परवानगी लागते, मग कमाई फोटोची असो वा कोडची. परवानगी मिळाली तरी लग्नाचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तुमच्या सायकलचा आणि ताऱ्यांचा. दोन शनिवार गेले की कळतं काय विकलं ते. मी घेत नाही.

ड्रोन उडवता येईल का?

उडवण्याआधी प्रत्येक वेळी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडा. दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे, उत्तरेत जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू आहे, त्यामुळे किनारपट्टीचा मोठा भाग लाल किंवा पिवळ्या क्षेत्रात येतो. अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय नाहीच, आणि पाखरांच्या तळ्यांवर परवानगी असली तरी उडवू नका. एका घिरटीत सगळा थवा उठतो. दिवाडीचं दृश्य हवं असेल तर पिएदादच्या टेकडीवर चढा, तिथून तेच दिसतं.